वाळवंट ओलांडायला किती डीझेल लागते?

गेल्या वर्षी मे महिन्यात, ऐन उकाड्यात, माझ्या भाच्याचे ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरातून पत्र आले. पत्र म्हणजे अर्थातच संगणकावरचे. पण मजकूर जुन्या पत्रासारखा लांबलचक होता. "मामा, लहानपणी तुम्ही आम्हांला एस.टी.च्या खिडकीशी बसवून 'घाट चढताना ही गाडी का कण्हते?' असे विचारायचा. आता प्रश्न मी विचारतो, उत्तर तुम्ही द्या." भाचा, त्याची पत्नी आणि दोन मुले जुलैमध्ये सिम्प्सन वाळवंट ओलांडणार होती. पश्चिमेकडील माउंट डेअर हे इंधन मिळण्याचे शेवटचे ठिकाण. तेथून निघाले की पूर्वेकडील बर्ड्सव्हिल गावापर्यंत सुमारे साडेपाचशे किलोमीटर एकही पंप नाही, गाव नाही, दुकान नाही. त्यासाठी त्याला चारही चाकांना गती देणारी एक जुनी डीझेल गाडी विकत घ्यायची होती. तीन गाड्या त्याने पाहून ठेवल्या होत्या. पत्राच्या शेवटी त्याने लिहिले होते : "कंपनीच्या पत्रकात १०० किलोमीटरला ९ लिटर असे छापले आहे. म्हणजे ५५० किलोमीटरला पन्नास लिटर पुरतील ना?"

ही शेवटची ओळ वाचून मला उकाड्याशिवाय आणखी एका कारणाने घाम फुटला. पन्नास लिटर भरून तो निघाला असता, तर दोन लहान मुलांसह वाळवंटाच्या मध्यावर थांबला असता. त्याला मी काय लिहिले आणि ते का लिहिले, ते विद्यार्थी मित्रहो, आता तुम्हांला सांगतो. आकडेमोड साधी आहे. नववी-दहावीच्या पुस्तकातील बल, कार्य आणि ऊर्जा एवढे धडे आठवत असले, की पुरे.

प्रथम हे वाळवंट कसे आहे ते पाहू. त्याचे क्षेत्रफळ सुमारे पावणेदोन लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे अधिक. शेतात सरी-वरंबे काढतात ना, तशा तेथे तांबड्या वाळूच्या टेकड्यांच्या रांगा एकमेकींना समांतर, उत्तर-दक्षिण पसरलेल्या आहेत. काही रांगा दोनशे किलोमीटरपर्यंत लांब आहेत. त्यामुळे पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्याला एकही रांग चुकवता येत नाही. 'फ्रेंच लाइन' नावाची जी वाट आहे (१९६० नंतरच्या दशकात खनिज तेल शोधणाऱ्या एका फ्रेंच कंपनीने ती काढली) तिच्यावर अकराशेहून अधिक टेकड्या ओलांडाव्या लागतात. वांकांगुरू लोक या वाळवंटात पिढ्यान् पिढ्या राहत होते. वाळूत खोल खणलेल्या विहिरी, ज्यांना ते 'मिकिरी' म्हणत, त्यांच्या आधारावर. तेव्हा 'अमुक साहेबाने वाळवंट शोधून काढले' असे म्हणणे बरोबर नाही. मात्र बाहेरून आलेल्या माणसांपैकी टेड कोल्सन याने १९३६ साली उंट घेऊन ते पार केले. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता आणि वाटेत उंटांना चारा मिळत होता. उंटाची ही सोय मोटारीला नाही. तिला वाटेत चरता येत नाही.

मोटारीने हे वाळवंट प्रथम पार केले ते १९६२ मध्ये, रेग स्प्रिग या भूशास्त्रज्ञाने. हाच तो स्प्रिग, ज्याने १९४६ साली एडियाकारा टेकड्यांत अतिप्राचीन मऊ शरीराच्या प्राण्यांचे ठसे शोधले. गंमत अशी, की त्याच्याबरोबर त्याची पत्नी आणि दोन लहान मुले होती. माझ्या भाच्याचे कुटुंब अगदी तेवढेच!

९ लिटर कोठून आले?

आपल्याकडे आपण 'लिटरला किती किलोमीटर' असे विचारतो. ऑस्ट्रेलियात उलटे विचारतात : '१०० किलोमीटरला किती लिटर?' माझ्या मते ही पद्धत अधिक सोयीची आहे, कारण अंतर ठरलेले असते आणि डीझेल किती घ्यायचे ते काढायचे असते. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत मिळतो. गाडीची चाके रुळांवर फिरवतात, वेग ठरावीक क्रमाने कमी-जास्त करतात आणि खर्च मोजतात. तो आकडा खोटा नसतो. दोन गाड्यांची तुलना करण्यास तो उपयोगीही आहे. पण त्या चाचणीत टपावर तंबू नसतो, मागे पाण्याचे पिंप नसते, समोरून वारा नसतो, आणि वाळू तर नसतेच नसते.

म्हणून आपण आपला आकडा स्वतः काढू. प्रवाशी, पाणी, सामान, इंधन मिळून गाडीचे वस्तुमान ३,००० किलोग्रॅम धरा. सपाट डांबरी रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना तिला दोन बलांशी झगडावे लागते.

पहिले, चाके लोळण्यास होणारा रोध. टायर जमिनीवर टेकतो तेथे चपटा होतो, पुढे सरकला की पुन्हा गोल होतो. या दाबण्या-फुलण्यात ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. लांब प्रवासानंतर टायरला हात लावून पाहा, म्हणजे कळेल. डांबरी रस्त्यावर हा रोध वजनाच्या साधारण दीड टक्का असतो : ३,००० × ९.८ × ०.०१५ म्हणजे सुमारे ४४० न्यूटन. वेगाप्रमाणे तो फारसा बदलत नाही.

दुसरे, हवेचा रोध. हा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अशा गाड्या उंच आणि चौकोनी, जणू कपाटच रस्त्यावरून चालले आहे. हवेची घनता, गाडीचा आकार आणि समोरचे क्षेत्रफळ हे सारे एकत्र केले, तर अशा गाडीसाठी हवेचा रोध साधारण ०.९ × (वेग)² न्यूटन येतो. वेग मात्र सेकंदाला मीटरमध्ये घ्यायचा. ताशी ८० किलोमीटर वेगाला हा रोध सुमारे ४४५ न्यूटन, ९० ला ५६०, १०० ला ६९५ आणि ११० ला ८४० न्यूटन भरतो.

आता कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. ताशी १०० किलोमीटरने जाताना एकूण बल ४४० + ६९५ = १,१३५ न्यूटन. १०० किलोमीटर जाण्यास कार्य ११.३५ कोटी ज्यूल, म्हणजे ११३.५ मेगाज्यूल. एक लिटर डीझेल जाळले, तर सुमारे ३६ मेगाज्यूल उष्णता मिळते. मग ३ लिटरच पुरायला हवेत! पण एंजिन, गिअर, पंखे, पंप या सर्वांचा वाटा वजा जाता चाकापर्यंत जेमतेम २८ टक्के ऊर्जा पोचते. बाकीची धुराड्यातून आणि रेडिएटरमधून हवेत जाते. म्हणून ११३.५ भागिले ०.२८, भागिले ३६. उत्तर येते सुमारे ११.३ लिटर. याच रीतीने ८० च्या वेगाला ८.८, ९० ला ९.९ आणि ११० ला १२.७ लिटर येतात. चालकाने पाय थोडा सैल सोडला, की एकाच गाडीचा खर्च एवढा बदलतो. दुकानात 'मायलेज वाढवणारी' चुंबके आणि औषधे विकत मिळतात. त्यांच्याऐवजी टपावरची रिकामी जाळी काढून घरी ठेवावी.

डीझेलच का?

सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दट्ट्या जोरात दाबला, तर पंपाचे टोक गरम लागते. हवा दाबली की तापते. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याने हीच गोष्ट एंजिनात वापरली. पेट्रोल एंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण साधारण दहापट दाबून त्यावर ठिणगी टाकतात. डीझेल एंजिनात नुसती हवा सोळा ते वीसपट दाबतात. तिचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या तापलेल्या हवेत डीझेलचा बारीक फवारा सोडला, की तो आपोआप पेट घेतो, ठिणगी लागतच नाही. १८९७ साली डीझेलच्या एंजिनाची जी चाचणी झाली, तिच्यात इंधनातील २६.२ टक्के ऊर्जा कार्यात उतरली. त्या काळची वाफेची एंजिने यापेक्षा पुष्कळ मागे होती. आज मोटारीतील चांगले डीझेल एंजिन सोयीच्या भारावर चाळीस टक्क्यांच्या आसपास पोचते. मग वर आपण २८ च का धरले? कारण गाडी नेहमी सोयीच्या भारावर चालत नाही, आणि गिअरपेटी, दांडे, आस हे सर्व आपापला कर घेतात.

जास्त दाबल्याने कार्यक्षमता वाढते, हे पहिले कारण. दुसरे कारण थोडे कमी प्रसिद्ध आहे. पेट्रोल एंजिनाची शक्ती कमी करायची, तर त्याच्या हवेच्या वाटेवर झडप अर्धवट मिटावी लागते. माणसाने नाक चिमटीत धरून श्वास घ्यावा, तसे ते एंजिन धापा टाकते आणि त्यात ऊर्जा जाते. डीझेल एंजिन हवा मोकळेपणी घेते. शक्ती कमी करायची, तर फवारा तेवढा कमी सोडायचा. म्हणून हळू, रेंगाळत जाण्याच्या कामात डीझेल आणि पेट्रोल यांच्यातील अंतर वाढते.

एका बाबतीत मात्र डीझेलची उगाच वाहवा होते. एक लिटर डीझेलमध्ये ३६ आणि एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, हे खरे. पण तेल मापाने घ्यावे की वजनाने, हा जुना वाद येथे आठवावा. डीझेलची घनता लिटरला सुमारे ०.८४ किलोग्रॅम, पेट्रोलची ०.७५. किलोग्रॅमने मोजले, तर दोघांची ऊर्जा जवळजवळ सारखीच. म्हणजे 'लिटरला जास्त पळते' या कौतुकातील एक हिस्सा एंजिनाचा नसून मापाचा आहे. धुरातून बाहेर पडणारा कार्बन डायॉक्साइडही लिटरमागे डीझेलचा अधिक असतो : सुमारे २.७ किलोग्रॅम. पेट्रोलचा २.३. पण वाळवंटात मापालाही महत्त्व आहे, कारण टाकीत जागा मोजकीच असते.

आणखी एक गोष्ट भाच्याच्या पत्नीने विचारली होती, आणि ती मला सर्वांत शहाणपणाची वाटली. इंधनाचे डबे मुलांच्या जवळ ठेवणे सुरक्षित आहे का? पेट्रोलची वाफ शून्याखालीही ठिणगीने पेट घेते. डीझेलची पेटण्याजोगी वाफ साधारण ५५-६० अंशांखाली तयारच होत नाही. डबा तरीही गाडीच्या बाहेर मागच्या बाजूलाच बांधावा. पण निदान झोप तरी शांत लागते.

वाळूत शिरल्यावर

आता गाडी वाळूवर आणू. टायर वाळूत रुततो, पुढे वाळूचा ढीग साचतो आणि चाक सतत त्या लहान टेकडीवर चढत राहते. मऊ वाळूत रोध वजनाच्या दहा ते वीस टक्के होऊ शकतो. डांबरावर दीड टक्का होता, हे लक्षात घ्या! सिम्प्सनमध्ये दोन टेकड्यांच्या मधली जमीन बऱ्याच ठिकाणी घट्ट आहे, म्हणून सरासरी सहा टक्के धरू. म्हणजे सुमारे १,८०० न्यूटन. वेग ताशी पंधरा-वीस किलोमीटर असल्याने हवेचा रोध विसरून जाऊ. १०० किलोमीटरला १८० मेगाज्यूल कार्य. सतत गिअर बदलणे आणि चाके घसरणे यांमुळे कार्यक्षमता २५ टक्के. हिशेब केला, की बरोबर २० लिटर येतात. पत्रकातील ९ लिटर कोठे आणि हे कोठे!

"पण मामा, टेकड्या चढण्याचे काय?" असे भाच्याने मागाहून विचारले. प्रश्न चांगला आहे. एका टेकडीची सरासरी उंची दहा मीटर धरली, तर अकराशे टेकड्यांची बेरीज अकरा हजार मीटर होते. एव्हरेस्टपेक्षाही अधिक! ३,००० किलोग्रॅमची गाडी एवढी उचलण्यास सुमारे ३२३ मेगाज्यूल कार्य लागते, आणि त्यासाठी ३६ लिटर डीझेल. मात्र चढताना दिलेली ऊर्जा उतरताना परत मिळते आणि ती वाळूचा रोध तोडण्यास उपयोगी पडते. तुम्ही ब्रेक दाबला, तरच ती उष्णता होऊन हातची जाते. त्यामुळे ३६ लिटर पुरते जमेस धरू नयेत, पण विसरूही नयेत. येथे निसर्गाने थोडी मदतही केली आहे. या टेकड्यांची पश्चिमेकडील बाजू सौम्य आणि पूर्वेकडील बाजू उभी आहे. म्हणून पश्चिमेकडून निघावे. शिवाय पूर्वेकडे जावे तसतशा टेकड्या उंच होत जातात. बर्ड्सव्हिलजवळची शेवटची 'बिग रेड' सुमारे ४० मीटर आहे. तोपर्यंत टाकीतील डीझेल आणि पिंपातील पाणी संपत आल्याने गाडी दीड-दोनशे किलोग्रॅमने हलकी झालेली असते.

टायरमधील हवा कमी करणे हा वाळूतला सर्वांत स्वस्त उपाय. एका चाकावर ७५० किलोग्रॅम भार आहे. टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला २.५ किलोग्रॅम दाब (पंपावरच्या भाषेत साधारण ३६ पौंड) असेल, तर तो भार पेलण्यास सुमारे ३०० चौरस सेंटिमीटर टायर जमिनीला टेकतो. दाब १.१ वर, म्हणजे १६ पौंडांवर आणला, तर ६८० चौरस सेंटिमीटर टेकतो. उंटाचे पाऊल पसरट का असते, ते आता सांगायला नको. रुतणे कमी, म्हणून रोध कमी, म्हणून डीझेल कमी. पण हाच सैल टायर डांबरावर वेगाने पळवला, तर तापून फाटेल. तेव्हा हवा भरण्याचा लहान पंप बरोबर हवाच.

चारही चाकांना गती देण्याने इंधन जास्त जाते की कमी? डांबरावर जास्त जाते : फिरणारे दांडे आणि दातेचक्रे अधिक, आणि वजनही अधिक. शिवाय वळणावर पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. पुढचा व मागचा दांडा घट्ट जोडलेला असेल, तर दोघांत ओढाताण होते आणि टायर घासतात. म्हणून अशा गाड्यांत पुढची चाके हवी तेव्हा सोडवता येतात. वाळूत मात्र उलट. पुढे ढकलण्याचे तेच बल दोन चाकांवर टाकले, तर ती गरागरा फिरून खड्डा खणतात. चारांत वाटले, तर प्रत्येक चाक कमी घसरते. म्हणजे वाळूत चारही चाके जोडल्याने डीझेल वाचते. भाचा 'अगदी अडल्यावरच जोडीन' म्हणत होता. त्याला मी लिहिले, की अडल्यावर जोडशील तोपर्यंत खड्डा खणून झालेला असेल.

साखळी एक इंच लांब होती

वाळवंटाच्या मध्याजवळ पॉपल कॉर्नर नावाचे एक ठिकाण आहे. क्वीन्सलँड, साउथ ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी या तिघांच्या सीमा तेथे मिळतात. १८८० साली ऑगस्टस पॉपल या मोजणीदाराने पूर्वेकडून साखळीने अंतर मोजत येऊन तेथे खांब रोवला. पुढे लक्षात आले, की त्याची साखळी वापरून वापरून एक इंच लांब झाली होती. ६६ फुटांच्या साखळीत एक इंच म्हणजे ७९२ मध्ये एक. क्षुल्लकच! पण सुमारे तीनशे किलोमीटर मोजेपर्यंत त्या इंचाचे काही शे मीटर झाले आणि खांब पश्चिमेला एका खाऱ्या सरोवरात जाऊन पडला. काही वर्षांनी लॅरी वेल्स याने नव्याने मोजणी करून तो योग्य जागी हलवला.

ही हकिकत येथे सांगण्याचे कारण असे. मोटारीचा अंतरमापक म्हणजे दुसरे काही नसून चाकाच्या परिघाची साखळीच आहे. चाक किती वेळा फिरले, ते मोजायचे आणि परिघाने गुणायचे. भाच्याने पाहिलेल्या दुसऱ्या गाडीला मूळच्यापेक्षा पाच टक्के मोठे टायर बसवलेले होते. तो मापक १०० किलोमीटर दाखवील, तेव्हा गाडी १०५ गेलेली असेल. अगदी पॉपलसारखी चूक. अशा गाडीचे 'मायलेज' कागदावर खऱ्यापेक्षा वाईट दिसते. वाळूत चाक जागच्या जागी फिरते, तेव्हा मापक न गेलेले अंतरही मोजतो, आणि चूक उलट दिशेने होते. नकाशावरचे ५५० मापकावर ५७० भरू शकते. म्हणून टायर तपासावे, रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी मापक ताडून पाहावा आणि मगच टाकी काठोकाठ भरून, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरून खर्च काढावा. एकदाच काढलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. निदान तीन टाक्यांची सरासरी घ्यावी.

तीन गाड्या

पहिली गाडी जुनी, ४.२ लिटरच्या सहा सिलिंडरांची, टर्बो नसलेली. दोन टाक्या मिळून १८० लिटर. साधे एंजिन, कोठेही दुरुस्त होईल असे. पण या जुन्या धाटणीत फवारा थेट सिलिंडरात न सोडता बाजूच्या लहान कप्प्यात सोडतात. त्या कप्प्याच्या भिंती बरीच उष्णता खातात, त्यामुळे दहा-पंधरा टक्के इंधन जास्त लागते. दुसरी ४.५ लिटरची, आठ सिलिंडरांची, टर्बो लावलेली. (बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरवून तो एंजिनात जास्त हवा कोंबतो, तो टर्बो.) शक्ती भरपूर, पण सामानासह वजन साडेतीन टन, मोठे टायर, टपावर भलीमोठी जाळी. तिसरी मध्यम आकाराची, चार सिलिंडरांची, टर्बो आणि थेट फवारा असलेली. सामानासह २.९ टन, दोन टाक्या मिळून १५० लिटर.

भाच्याचे मन दुसरीवर बसले होते. ते साहजिकच आहे. पण वाळूतील रोध सरळ वजनाच्या प्रमाणात असतो. २.९ ऐवजी साडेतीन टन म्हणजे वीस टक्के अधिक डीझेल, आणि ते अधिक डीझेल वाहून नेण्यास पुन्हा अधिक वजन. आणखी असे, की ॲडलेडपासून जाऊन-येऊन हा सारा प्रवास सुमारे ३,००० किलोमीटरांचा, आणि त्यात वाळू फक्त ५५०. त्याचे पैसे बहुतेक सडकेवर, वाऱ्याशी झगडण्यात जाणार होते. जीव मात्र वाळूतच अडकणार होता. या दोन्ही हिशेबांत तिसरी गाडी पुढे होती. पहिली मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवली. तिच्या साधेपणाचे मला आजही आकर्षण आहे.

तिसरीत एक खोट होती. नव्या डीझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती साठलेली काजळी मधूनमधून जाळून टाकते. त्यासाठी थोडे जास्त डीझेल लागते आणि गाळणी फार तापते. या वाळवंटात स्पिनिफेक्स नावाचे राळयुक्त गवत आहे. ते गाडीच्या पोटाखाली साठले आणि गाळणीला टेकले, तर आग लागते. अशा आगीत गाड्या जळाल्या आहेत. म्हणून रोज दोन-तीन वेळा खाली वाकून गवत काढावे, आणि आग विझवण्याचे नळकांडे चालकाच्या हाताशी असावे.

किती डीझेल घ्यायचे, तेही ठरवले. वाट ५५० किलोमीटर. चाके घसरण्याचे २०. आयर क्रीकला पाणी आले, तर वळसा घालण्यास १००. एकूण ६७० किलोमीटरला २० प्रमाणे १३४ लिटर. त्यावर चौथा हिस्सा राखीव. बेरीज १६८. टाकी १५०, आणि वीस लिटरचा एक डबा. टाकीत जागा होताच डबा तिच्यात रिकामा करायचा, म्हणजे वजन खाली येते. (उन्हाळ्यात, १ डिसेंबर ते १५ मार्च, हे वाळवंट प्रवाशांना बंदच असते. जुलै हा तेथील हिवाळा.)

ऑगस्टमध्ये त्याचे पत्र आले. माउंट डेअर ते बर्ड्सव्हिल मापकावर ५५६ किलोमीटर. आयर क्रीक कोरडी होती, म्हणून वळसा पडला नाही. डबा टाकीत ओतल्यावरही बर्ड्सव्हिलच्या पंपावर टाकीत ९८ लिटर बसले. म्हणजे ११८ लिटर, १०० किलोमीटरला २१.२. आमचा अंदाज चुकला तो डांबरी रस्त्यावर! ९० च्या वेगाला ९.९ लिटर धरले होते. उत्तरेकडे जाताना १२.६ लागले. दिवसभर समोरून ताशी वीसेक किलोमीटरचा वारा होता. हवेला गाडीचा वेग कळत नाही. तिच्या दृष्टीने ती गाडी ११० ने येत होती, आणि ११० चा आकडा वर आहेच.

त्या पत्राखाली त्याच्या धाकट्या मुलीने मला एक ओळ लिहिली होती : "आजोबा, परत येताना तोच वारा मागून असता, तर वाया गेलेले डीझेल सगळे परत मिळाले असते का?" मी वही काढली. मागून वीसचा वारा म्हणजे हवेचा वेग ७०, रोध ३४० न्यूटन. चाकांचे ४४० मिळवून ७८०. खर्च ७.७ लिटर. जातानाचे १२.७ आणि येतानाचे ७.७ यांची सरासरी १०.२. वारा नसता, तर जाताना-येताना ९.९ च लागले असते. सगळे परत मिळत नाही. १०० किलोमीटरमागे ०.३ लिटर वारा स्वतःकडे ठेवून घेतो, कारण रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. तिला मी तसे कळवले. तिचे उत्तर आले, की हे तिने आधीच सायकलवर करून पाहिले होते.